रत्नागिरीहून फेब्रुवारीत गाडी घेऊन जैसलमेरच्या वाळूत जायचंय, आधी समुद्रकिनाऱ्यावर प्रॅक्टिस केली तर चालेल का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दोन गाड्या, एक थार फोर बाय फोर आणि एक साधी टू व्हील ड्राइव्ह एसयूव्ही, चार मित्र, फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा, सात दिवसांची रजा, आणि त्याआधी दोन रविवार किनाऱ्यावर गाडी घालून हात बसवायचा विचार. मी गुहागर तालुक्यातला, आंब्याची बाग आहे, आणि आत्तापर्यंत तीनदा गाडी घेऊन तिकडे जाऊन आलोय. जे माहितीय ते सगळं लिहितो, जरा लांबेल.

सुरवात तुमच्या शेवटच्या ओळीपासून, म्हणजे किनाऱ्यावरच्या प्रॅक्टिसपासून करतो. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, गाडी नका घालू. प्लीज. फेब्रुवारी-मार्च म्हणजे कासवांचा सीझन आहे, ऑलिव्ह रिडलेच्या माद्या साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत आपल्या किनाऱ्यावर अंडी घालतात, एका घरट्यात शंभरच्या आसपास, आणि पन्नासेक दिवसांनी पिल्लं बाहेर येतात, म्हणजे तुम्ही ज्या रविवारी जाणार नेमके तेच दिवस. बरीच घरटी कासवमित्र शोधून हॅचरीत हलवतात, वेळासला २००२ पासून हे काम चाललंय, आता गुहागर, आंजर्ले, बऱ्याच गावांत होतं, पण एखादं घरटं सुटतंच. मी एका मार्चमध्ये पहाटे पुळणीवर गेलेलो, आदल्या रात्री कोणीतरी गाडी फिरवलेली, तिच्या चाकोरीत चार पिल्लं होती, काड्यापेटीएवढी. पिल्लू समुद्राकडे जायच्या ऐवजी चाकोरीतून सरळ लांब लांब चाललेलं, कारण वीतभर खोल चाकोरीची भिंत त्याला चढता येत नाही. वर कावळे. कासवमित्राला फोन करून तो येईपर्यंत आम्ही दोघं तिथे कावळे हाकत उभे होतो, चारातली तीन पाण्यात गेली. त्यानंतर मी माझ्या स्वतःच्या भाच्यालाही गाडी घालू दिली नाही. बऱ्याच ठिकाणी बंदीचे बोर्ड आहेत, गुन्हेही दाखल होतात, पण बोर्ड नसता तरी हेच सांगितलं असतं.

आणि खरं सांगायचं तर पुळणीवर शिकण्यासारखं काही नाहीये. ओहोटीला जी ओली वाळू उघडी पडते ती घट्ट असते, दोन कणांमधलं पाणी त्यांना धरून ठेवतं, गाडी डांबरीवर चालावी तशी चालते आणि आपल्याला वाटतं जमलं. मग फोटो काढायला थांबलात की लाट टायरखालची वाळू ओढून नेते, चाक बसतं, आणि भरती कोणासाठी थांबत नाही, त्यात पुनव-अवसेचं उधाण असेल तर ट्रॅक्टर येईपर्यंत बॉनेटपर्यंत पाणी. दर वर्षी अशा दोन-चार गाड्या बघतोच आपण. वाळवंटातली वाळू बारीक, गोल, कोरडी, हातात घेतली तर पाण्यासारखी सांडते, तिला धरायला काहीच नसतं. म्हणजे सवय एका गोष्टीची लागणार नि परीक्षा दुसऱ्याचीच.

मग सड्यावर, म्हणजे वरच्या सपाट कातळावर, जाऊ का असं विचाराल. मोकळा दिसला म्हणून सड्यावरही नको, रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, कशेळी, उक्षी, बारसू, देवाचे गोठणे वगैरे, २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीतही गेलीत, आणि सगळ्यांना कुंपण नाहीये, गवत असलं की आपण खोदचित्रावर उभे आहोत हे कळत पण नाही.

प्रॅक्टिस घरच्या अंगणात करा. टायरची हवा काढायची नि परत भरायची, जॅक लावायचा, स्टेपनी खाली उतरवायची, दोर कुठे अडकवायचा ते बघायचं. हे चौघांनाही यायला पाहिजे, फक्त गाडीच्या मालकाला नाही. तिकडे ऐंशी टक्के काम हेच असतं, चालवणं उरलेलं.

आता हवेबद्दल, कारण माझ्या मते सगळी ट्रिप या एका गोष्टीवर आहे. पहिल्या वेळी मी जैसलमेरजवळच्या खुरी गावाच्या बाजूला साडेअकरा-बाराच्या उन्हात, टायरमध्ये बत्तीस पीएसआय हवा असताना, एका छोट्या धोऱ्यावर गाडी घातली. धोरा म्हणजे वाळूची टेकडी, तिकडे तोच शब्द. छोटा म्हणजे अर्ध्या माडाएवढापण नव्हता. मध्यावर चाकं फिरायला लागली, मी घाबरून अजून ॲक्सिलरेटर दिला, आणि दहा सेकंदात गाडी पोटावर बसली, इंजिनखालचं पत्रं वाळूला टेकलं, चारी चाकं आपापल्या खड्ड्यात. फावडं नव्हतं. जेवणाच्या ताटानं उकरत होतो, जेवढी काढू तेवढी वरून घसरत होती. तासाभरानं शेळ्या घेऊन एक म्हातारे बाबा आले, बघितलं, काही बोलले नाहीत, उकिडवे बसले नि टायरवर तळहात दाबला, म्हणाले हवा निकालो. एक वाळलेली काटकी घेऊन व्हॉल्वची पिन दाबून धरली. फुसससस करत हवा जाताना मी बघत होतो, टायरचं पोट हळूहळू बाहेर आलं, आधी जमिनीला टेकलेला भाग जेमतेम वीतभर होता तो दीड वीत झाला. चारी टायर तसे केले, चाकांमागची वाळू हातानं सरकवली, आणि त्यांनी हातानं खूण केली, मागे, मागे, आलास त्याच चाकोरीनं मागे. फोर लो, म्हणजे चारी चाकांना हळू पण जास्त ताकद देणारा गियर, रिव्हर्स, ॲक्सिलरेटर जेमतेम. गाडी निघाली. पैसे देत होतो ते घेतले नाहीत, पाण्याची एक बाटली घेतली आणि तीपण शेळीच्या करडाला पाजली.

तर डांबरी सोडली की वाळूत शिरायच्या आधी हवा काढायची, अडकल्यावर नाही. बत्तीसवरून सरळ अठरावर या, जड गेलं तर पंधरा. बाराच्या खाली साध्या रिमवर जाऊ नका, वळताना टायर रिमवरून निसटतो, आणि वाळूत तो परत बसवणं म्हणजे अर्धा दिवस गेला. चांगला गेज घ्या, पेट्रोल पंपावरच्या अंदाजावर नको. बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर लागणारच, सिगारेट लायटरवरचा छोटा नको, बॅटरीला क्लिप लागतात तो घ्या, इंजिन चालू ठेवून भरा, चार टायरला अर्धा तास धरा. आणि परत डांबरीवर आलात की आळस न करता भरायचीच, कमी हवेत ऐंशीनं पळवलं तर टायर तापून फुटतो. पंक्चरचं किट, त्यातल्या भोकात ठासायच्या रबरी दोऱ्या जास्तीच्या, कारण तिकडे विलायती बाभळीचे काटे सगळीकडे, ते टायरच्या बाजूला घुसले तर दोरी कामाची नाही, म्हणून एकाला एक स्टेपनी धरून चालू नका, दोन गाड्यांचे टायर एकाच साइजचे असतील तर उत्तम.

दुसरी गाडी, टू व्हील ड्राइव्हवाली, वाळूत नेऊ नका. वाईट वाटेल मित्राला, पण ती कॅम्पवर ठेवा, सामान नि माणसं आणायला ती सोन्यासारखी आहे. वाळूत मात्र कमीत कमी दोन फोर बाय फोर पाहिजेत, एकटी गाडी कधीच नाही, म्हणून तुमच्या थारच्या जोडीला तिकडचा स्थानिक ड्रायव्हर त्याच्या गाडीसकट घ्या, जैसलमेरजवळच्या सम आणि खुरी या गावांत मिळतात. पहिला अर्धा दिवस तो पुढे नि तुम्ही मागे, त्याच्या चाकोरीतून. तो पैसा वाचवू नका.

आपल्या गाड्यांचा एक खास त्रास म्हणजे गंज. खारी हवा नि चार महिने पाऊस, वरून गाडी चकचकीत आणि खाली हात लावाल तिथे पापुद्रे. निघायच्या महिनाभर आधी गाडी लिफ्टवर घेऊन स्वतः खाली उभे राहून बघा. दुसऱ्या ट्रिपच्या आधी सोबतच्या गाडीचं टो हुक बसवायला गेलो तर आटे गंजानं भरलेले, दोन फेऱ्यांत अडकलं, ना आत ना बाहेर. तेच वाळूत कळलं असतं तर ओढायला जागाच नव्हती. स्टेपनीचा नट, जॅकचा स्क्रू, चाकांचे नट, सगळं एकदा सोडवून ग्रीस लावून परत लावा. एअर फिल्टर नवा टाका आणि एक जास्तीचा बरोबर ठेवा, रोज संध्याकाळी काढून झटकायचा. कूलंट, रेडिएटरचा पंखा, बॅटरी. जॅक वाळूत सरळ खाली जातो म्हणून त्याच्याखाली फळी लागते, मी फणसाची दीड फुटाची दोन इंच जाड फळी नेतो, चार-पाच वर्षं तीच आहे.

दोराबद्दल सांभाळून. बंदरावरून होडीचा जुना दोर आणला की काम झालं असं वाटतं, मलापण वाटलेलं. तो दोर किती ओढ घेईल ते कोणाला माहीत नसतं, उन्हानं नि मिठानं आतून गेलेला असतो, तुटला तर चाबकासारखा येतो. रेटिंग लिहिलेला रिकव्हरीचा दोर घ्या, गाडीच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट ताकदीचा, चॅसिसच्या हुकलाच अडकवायचा, टो बॉलला किंवा बंपरला नाही, दोरावर मधोमध एक जड गोधडी टाकायची नि बाकीची माणसं दोराच्या लांबीच्या बाहेर. दोन फावडी, वाळूत चाकाखाली घालायच्या दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्या, बस. बहुतेक वेळा दोर लागतच नाही, हवा काढून, उकरून, मागे घेऊन गाडी निघते.

चालवताना मनात एवढं ठेवा की वाळूत झटका नको, कशाचाच. ट्रॅक्शन कंट्रोल बंद, नाहीतर चढावर नेमका तोच इंजिनचा दम काढतो. गियर चढाच्या आधी टाकायचा, चढावर नाही. ब्रेक मारायचा नाही, ॲक्सिलरेटर सोडला की गाडी आपोआप थांबते, दाबून ब्रेक मारला की पुढे वाळूचा ढीग होतो आणि निघताना तोच आडवा येतो. थांबायचंय तर उताराकडे तोंड करून. धोरा सरळ चढायचा, सरळ उतरायचा, तिरकं कधीच नाही, गाड्या पलटतात त्या बहुतेक तिरकं गेल्यानं. चढताना मध्येच दम गेला तर वळवून खाली यायचा मोह होतो, तो टाळा, रिव्हर्स टाका, आलात तसेच मागे उतरा. धोऱ्याची एक बाजू लांब हळू चढाची असते आणि दुसरी एकदम तुटलेली, माथ्यावर पोचेपर्यंत पलीकडचं दिसत नाही, म्हणून अनोळखी माथ्यावर आधी माणूस चालत जाऊन बघून येणार, मग गाडी. गाडीला उंच काठीवर झेंडा बांधा, नारिंगी किंवा लाल, पलीकडून येणाऱ्याला माथ्यावर पहिल्यांदा तोच दिसतो. सकाळी वाळू गार नि जरा घट्ट असते, सावल्या लांब पडतात त्यामुळे खड्डे-उतार दिसतात. भर दुपारी सगळं पांढरं सपाट दिसतं, त्या वेळात जेवा, झोपा, गाडीखाली बघा.

तारखांचं. फेब्रुवारी चांगला आहे, दिवसा पंचवीस-अठ्ठावीसपर्यंत ऊन, रात्री दहाच्या आसपास, कधी त्याखाली, आपल्या कोकणातल्या माणसाला रात्री स्वेटर-कानटोपी पाहिजेच. मार्च अर्धा झाला की ऊन चढतं, पुढे वारं आणि धूळ. पण माघ पौर्णिमेच्या आसपास जैसलमेरला डेझर्ट फेस्टिव्हल असतो, तीन दिवस, तेव्हा समला गर्दी नि रेट दुप्पट, मेळा बघायचा नसेल तर ते दिवस सोडा. दुसरीकडे शिमगा बघा, होळी कधी मार्चच्या सुरवातीलाच येते, पालखी घरी यायची असेल नि तुम्ही तिकडे राजस्थानात बाडमेरला अडकलेले, असं नको. कॅलेंडर घेऊन बसा, माघी पुनव आणि फाल्गुन शुद्ध पंचमी यांच्या मधले दिवस सगळ्यात सोयीचे.

सात दिवस मात्र कमी आहेत. रत्नागिरीहून साधारण चौदाशे किलोमीटर एका बाजूला. चिपळूण, कशेडीचा बोगदा, पनवेल, पुढे सुरत, वडोदरा, अहमदाबाद, पालनपूर, सांचोर, बाडमेर, जैसलमेर. पहिली रात्र वापी-सुरतकडे, दुसरी पालनपूर किंवा सांचोर, तिसऱ्या दिवशी दुपारी जैसलमेर. जायला तीन, यायला तीन, मग वाळूला उरला एक दिवस, त्यासाठी नका जाऊ. अजून तीन दिवस रजा मागा. टाकी गुजरातमध्येच फुल करून घ्या, राजस्थानपेक्षा तिथे स्वस्त पडतं. बाडमेरच्या पुढे अंधारात गाडी चालवू नका, उंट, नीलगाय, मेंढ्यांचे कळप बिनधास्त रस्त्यावर. वाळूत डिझेल-पेट्रोल दुप्पटपर्यंत जातं हे धरून हिशेब करा, सीमेजवळच्या तनोटकडे जाणार असाल तर रामगढला टाकी भरून मगच पुढे.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय. ती जागा रिकामी नाही. आपल्याला नकाशावर पिवळं दिसतं म्हणून वाटतं कुठूनही घाला गाडी. सम आणि खुरी दोन्हीच्या आसपास डेझर्ट नॅशनल पार्कची हद्द आहे, ३,१६२ चौरस किलोमीटरचं, माळढोक तिथे उरलाय, गोडावण म्हणतात तिकडे, सगळ्या देशात मिळून दीडशेसुद्धा नाहीत, आणि तो घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतो. आपल्या कासवासारखंच, चाकाखाली गेलं तरी कळणार नाही. म्हणून गाड्यांसाठी जे धोरे वापरतात तेवढ्यातच फिरा.

दुसरं, ओरण. आपल्याकडे देवराई असते ना, तसंच, देवाच्या नावानं राखलेली जमीन, झाडाची फांदी तोडायची नाही, फक्त गुरं चरायची. वाळूत मधेच खेजडी, बोर, केर या झाडांची दाटी दिसली आणि एखादं छोटं देऊळ दिसलं की गाडी बाहेर ठेवा. खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्याची, तिथे गेल्यावर बघा किती मोठी होते.

तिसरं म्हणजे खडीन, आणि यात नवे लोक हमखास चुकतात. उताराच्या पायथ्याला मातीचा लांब बांध घालून पावसाचं पाणी अडवतात, ते मुरलं की त्या ओलीवर थंडीत गहू-हरभरा होतो. फेब्रुवारीत पीक उभं असतं, आणि कडेचा रिकामा तुकडा सपाट, गुळगुळीत, गाडी पळवायला बोलावल्यासारखा दिसतो. वरची पापडी कोरडी, आत ओल. खाजणात, खाडीकाठच्या चिखलात, कधी पाय घातला असेल तर समजेल मी काय म्हणतो ते. गाडी तर बसतेच, पण खडीनाचा बांध फुटला तर त्या शेतकऱ्याचं पुढच्या वर्षीचं पाणी गेलं. आपण खारलँडचे बांध सांभाळणारी माणसं, आपण तरी हे करू नये.

बॉर्डरचं थोडक्यात. तनोट, लोंगेवाला मुख्य रस्त्यानं बघता येतं, पण सीमेलगतच्या बऱ्याच भागात बाहेरच्या माणसाला परवानगी लागते, जैसलमेरला पोचल्यावर पोलीस किंवा प्रशासनाकडे विचारून घ्या, रस्ता सोडून वाळूतून सीमेकडे जायचं धाडस अजिबात नको. ड्रोन घरी ठेवा. सॅटेलाइट फोन विनापरवाना भारतात चालत नाही, कोणी दिला तरी नेऊ नका. नेटवर्क जातं, तेव्हा मॅप ऑफलाइन उतरवून ठेवा आणि रोज सकाळी कॅम्पवाल्याला सांगून जा की कुठल्या बाजूला चाललोय नि किती वाजता येणार.

पाणी माणशी रोज पाच लिटर, आणि दोन दिवसांचं जास्तीचं, एकाच ड्रममध्ये नको, दोन गाड्यांत वाटून. फुरसं, तो छोटा विषारी साप, तिथेही आहे, आपलंच, ऊन वाढायला लागलं की फिरायला लागतं, आपण सड्यावर जशी काळजी घेतो तशीच, बूट झटकून घालायचे, रात्री बॅटरीशिवाय झाडाखाली जायचं नाही. इन्शुरन्सचा कागद एकदा नीट वाचा, रस्ता सोडून झालेलं नुकसान त्यात बसतं का ते एजंटला आधीच विचारा.

परत आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्यानं धुवा, वाळू चॅसिसच्या पोकळीत बसते नि पहिल्या पावसात ओल धरते, मग तिथूनच गंज.

तुमच्या थारला कंपनीचेच टायर आहेत की बदललेत, आणि चौघांच्या सामानासकट अंदाजे वजन किती होईल ते खाली लिहा, किती पीएसआयवर सुरवात करायची ते त्याप्रमाणे सांगतो. आणि त्या दोन रविवारी गुहागरकडे येणार असाल तर गाडी अंगणात लावा, मी कॉम्प्रेसर नि दोर काढून ठेवतो, दोन तासांत सगळं हाताखालून जाईल.